मोहरीएवढ्या भागांचे मोल

काटकसर वर्धा जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवावी, अशी परिस्थिती नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते. तेथूनच डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी बाजारभाव आणि खरे मोल यांतील अंतर देशापुढे मांडले. सेवाग्रामचे गांधीजी तर आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. त्याच जिल्ह्यात शाळा-कचेऱ्यांतील बंद पडलेले संगणक आणि इन्व्हर्टर आज किलोच्या भावाने भंगारात जावेत, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

प्रश्न अर्थातच एका जिल्ह्याचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. भंगारात सर्किट बोर्डाचा भाव त्यातील तांबे-सोन्याच्या अंशावर ठरतो. त्यावरील शाबूत भागांची कदर क्वचितच होते.

हे भाग आता मोहरीएवढे झाले आहेत. जुन्या रेडिओतील रेझिस्टरला दोन तारा असत. आजचा रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब, ०.८ मिलिमीटर रुंद, कधी त्याहूनही लहान, आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाख देऊन बसविलेला असतो. गरम हवेच्या झोताने डाख वितळला की तो चिमट्याने अलगद उचलता येतो. खरी कसोटी पुढेच आहे. रेझिस्टरवर ‘१०३’ असा आकडा असेल तर १० पुढे तीन शून्ये, म्हणजे १० हजार ओहम, हे लगेच उमगते. परंतु सिरॅमिक कपॅसिटरवर बहुधा एक अक्षरही नसते. म्हणून भाग काढताच मोजावा आणि माप लिहिलेल्या डबीत ठेवावा. आयसी स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीतच ठेवाव्यात. नोंदीवाचून ठेवलेला साठा म्हणजे डबीत भरलेला कचराच.

येथे कोणी शंका घेईल की, नवा रेझिस्टर काही पैशांत मिळत असता तो काढण्यात वेळ का दवडावा? शंका रास्त आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या भागांपायी श्रम खर्चू नयेत, हेच खरे. मात्र ज्यांचे उत्पादन थांबले आहे अशा आयसी आणि कनेक्टर यांचा हिशेब निराळा आहे. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमधील वजनकाटा अशा एका भागावाचून अडला, तर ऐन हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग खोळंबते. सुट्या भागाचे मोल त्याच्यावाचून अडणाऱ्या कामावरून ठरते.

हे काम घरोघरी करण्याचे मात्र नाही. जुन्या डाखात शिसे असते, तापलेल्या बोर्डाचा धूरही अपायकारक असतो. धूर बाहेर खेचणारा पंखा असलेली कार्यशाळाच त्यासाठी हवी. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांनी आपल्याच नादुरुस्त उपकरणांवरील निवडक भाग काढून स्वतःच्या दुरुस्तीसाठी एक कपाट राखावे. उरलेला बोर्ड, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावा. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील यंत्राचे निर्लेखन करताना कामाचे भाग काढून घेण्यास स्पष्ट अनुमती मिळाल्यास प्राचार्य आणि लिपिक या दोघांचीही अडचण दूर होईल.

हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने देशाला दिला. त्या काळी विद्यार्थ्याच्या हाती टकळी होती. आज त्याच्या हाती चिमटा आणि भिंग आले, तर तेही त्याच शिक्षणाचे साधन मानावयास हरकत नसावी.