मैदानाची किल्ली कोणाच्या हाती?

आषाढी एकादशीला जळगावलगतच्या पिंप्राळ्यात रथ निघतो. रथावर देवाची मूर्ती असते, फुलांच्या माळा असतात, आणि जमलेल्या हजारो माणसांची दृष्टी साहजिकच वर लागलेली असते. परंतु रथ चालतो तो खाली दोर ओढणाऱ्यांच्या बळावर. अवघड वळणावर तो सावरतो तो चाकाखाली नेमक्या क्षणी मोगरी लावणाऱ्यांच्या कौशल्यावर. ही माणसे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. त्यांचा हात चुकला तर मात्र अनर्थ होतो. व्यावसायिक खेळांचा झगमगता रथही असाच चालतो. फरक एवढाच, की पिंप्राळ्याचा रथ गावाचा आहे, तर व्यावसायिक खेळाचा रथ मालकाचा आहे. मालकाने तो ओढायचा नाही असे ठरवले, की दोर धरून उभ्या असलेल्यांना कोणी विचारत नाही.

याचा प्रत्यय २०२५ साली भारतीय फुटबॉलमध्ये आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांचे व्यापारी हक्क २०१० साली पंधरा वर्षांच्या कराराने एका उद्योगसमूहाच्या हाती दिले होते. त्या करारातूनच २०१४ पासून इंडियन सुपर लीग ही स्पर्धा उभी राहिली. कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती. पुढचा करार कोणत्या अटींवर करायचा याचा निर्णय होईना. महासंघाच्या घटनेचा वादही सर्वोच्च न्यायालयात पडून होता. अखेर ११ जुलै २०२५ रोजी स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीने कळविले, की नव्या हंगामाचे काम स्थगित ठेवण्यात येत आहे. ऑगस्टमध्ये बंगळूरुच्या क्लबाने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. चेन्नईच्या क्लबानेही तोच मार्ग धरला. नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांच्या निविदेची मुदत संपली, तेव्हा एकही बोली आली नव्हती. मुंबई सिटी या महाराष्ट्रातील संघातून तर वर्षअखेरीस त्याच्या परदेशी मालकाने आपला हिस्साच काढून घेतला. जानेवारी २०२६ च्या आरंभी देशातील नामवंत खेळाडूंना ध्वनिचित्रफीत काढून फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे मदतीची याचना करावी लागली. त्यानंतर काही दिवसांतच, १४ फेब्रुवारीपासून हंगाम सुरू होईल, अशी घोषणा केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी केली.

या साऱ्या घटनाक्रमात खेळाडूंनी संप केला नव्हता. वेतनवाढीची मागणी केली नव्हती. कोणाला नोटीस दिली नव्हती. वाद होता तो महासंघ, कंपनी आणि क्लब यांच्यातला, आणि तो हक्कांच्या किमतीचा होता. तरीही वेतन थांबले ते खेळाडूंचे, आणि त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांचे. भांडण दोघांचे आणि उपास तिसऱ्याला, हा न्याय गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या माणसाला नवा नाही. जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांची धुरांडी थंड झाली, तेव्हाही बंद करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या चुली विझल्या नाहीत.

मालक मैदानाला टाळे लावतो तेव्हा काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला मात्र भारतातला नाही. तो आहे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापणाऱ्या पिंप्राळ्यात हा खेळ कोणी खेळत नाही. तरी त्याची हकीकत खान्देशातील कामगाराला सहज समजेल अशी आहे. अमेरिका व कॅनडा या दोन देशांत मिळून नॅशनल हॉकी लीगचे तेव्हा तीस संघ होते. खेळाडूंशी असलेला करार संपताच मालकांनी १६ सप्टेंबर २००४ पासून टाळेबंदी पुकारली. उत्पन्नाच्या सुमारे तीन चतुर्थांश रक्कम खेळाडूंच्या वेतनातच जाते, असे मालकांचे म्हणणे होते. म्हणून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला कमाल मर्यादा हवी, अशी त्यांची अट होती. हे आकडे खेळाडूंच्या संघटनेला मान्य नव्हते. शेवटच्या क्षणी मालक प्रत्येक संघामागे सव्वाचार कोटी डॉलरपर्यंत चढले आणि खेळाडू चार कोटी नव्वद लाखांपर्यंत उतरले. मधले अंतर भरले नाही. १६ फेब्रुवारी २००५ रोजी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी संपूर्ण हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले. १२३० सामने गेले. तेथील मोठ्या व्यावसायिक लीगचा एक सबंध हंगाम कामगार-मालक तंट्यात बुडण्याची ती पहिलीच वेळ होती. १९१९ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने स्टॅन्ली करंडकाची अंतिम मालिका अर्ध्यावर सोडावी लागली होती. त्यानंतर तो करंडक कोणालाच न मिळण्याचा प्रसंग प्रथमच आला. साथीने जे एकदा केले, ते दुसऱ्यांदा टाळ्याने केले.

ही टाळेबंदी होती, संप नव्हता. तरी त्या दिवसांत अनेकांच्या बोलण्यात दोष आला तो खेळाडूंच्या हट्टाला. मालकाने दार लावावे आणि बाहेर उभ्या असलेल्यालाच आत का आला नाहीस म्हणून विचारावे, अशातला हा प्रकार. संप आणि टाळेबंदी यांतला भेद नुसता शब्दांचा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली काम थांबविले. तो संप होता आणि त्याची जबाबदारी कामगारांनी उघड्या छातीने पत्करली होती. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. टाळेबंदीत निर्णय मालकाचा असतो आणि किंमत कामगाराची. २०२५ साली भारतीय फुटबॉलमध्ये जे झाले ते याही पुढचे होते. येथे टाळे कोणी लावले हेदेखील कोणी कबूल करीना. महासंघाने कंपनीकडे बोट दाखवावे, कंपनीने कराराकडे, आणि क्लबांनी दोघांकडे.

यावर कार्यकर्त्यांच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो रास्तच आहे. कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूला कामगार म्हणायचे काय? केळीच्या बागेत रोजंदारीने घड वाहणाऱ्या मजुराची आणि त्याची तुलना तरी होऊ शकते काय? दोघांच्या मिळकतीची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. हॉकीपटूंसाठी जळगावच्या रस्त्यांवर मोर्चा काढावा, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु कामगार कोण हे पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत आणि श्रम केव्हा, कोठे, कोणत्या अटींवर विकायचे हे कोण ठरवतो, यावरून ते ठरते. खेळाडूजवळ शरीर आणि कसब आहे. मैदान, प्रक्षेपण आणि करार ही सर्व दुसऱ्याची आहेत. त्याची उमेदीची वर्षे दहा-बारा, फार तर पंधरा. गिरणी कामगार एक वर्ष घरी बसला तर वर्षाचा पगार बुडतो. खेळाडू एक हंगाम घरी बसला तर आयुष्याच्या कमाईतला मोठा हिस्सा बुडतो, आणि तो पुन्हा भरून येत नाही.

शिवाय सगळेच खेळाडू श्रीमंत नसतात, आणि संघ म्हणजे केवळ खेळाडूही नव्हेत. हॉकीच्या त्या बुडालेल्या हंगामात तीनशेहून अधिक खेळाडू युरोपातील संघांकडून खेळायला गेले. मोठ्या खेळाडूंना ती वाट मोकळी होती. तिकिटे तपासणाऱ्याला, बर्फ सपाट करणाऱ्याला, प्रेक्षागारात खाद्यपदार्थ विकणाऱ्याला कोणत्या देशाने बोलावले? लीगच्या आणि संघांच्या कार्यालयांतील अनेक कर्मचाऱ्यांना तर कामावरूनच कमी करण्यात आले. हेच चाकाखाली मोगरी लावणारे. त्यांचे नाव एकाही वाटाघाटीत निघाले नाही. मालकांच्या बाजूने नाही आणि, खेदाने म्हणावे लागते, खेळाडूंच्या बाजूनेही नाही.

शेवट काय झाला? जुलै २००५ मध्ये समझोता झाला. खेळाडूंनी चालू करारांच्या वेतनात चोवीस टक्के कपात मान्य केली. संघामागे वेतनाची मर्यादा ठरली ती तीन कोटी नव्वद लाख डॉलर. म्हणजे फेब्रुवारीत नाकारलेल्या देकारापेक्षाही कमी. संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाऊ पायउतार झाले. मालकांनी आधीच सुमारे तीस कोटी डॉलरची गंगाजळी साठवून ठेवली होती, म्हणून ते थांबू शकले. लढा लांबला की ज्याची कोठी भरलेली असते तो जिंकतो, हे गिरणगावाने दोन दशकांपूर्वीच भोगले होते. आणि शरणागतीने शांतता विकत घेता येते, हाही भ्रमच ठरला. मर्यादा मिळूनही मालकांचे समाधान झाले नाही. २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा टाळे लावले आणि त्या मोसमात प्रत्येक संघाला केवळ ४८ सामने खेळायला मिळाले.

तरीही त्या खेळाडूंकडे एक गोष्ट होती, जी आपल्याकडच्या खेळाडूंकडे पुरेशी नाही. त्यांची संघटना होती, आणि ती मालकांनी खिरापत म्हणून दिलेली नव्हती. १९५७ साली टेड लिंडसे या डेट्रॉइटच्या नामवंत खेळाडूने सहकाऱ्यांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो खेळाच्या ऐन बहरात असतानाही त्याला शिकागोच्या संघाकडे धाडण्यात आले. तो प्रयत्न मोडला. संघटना टिकाऊ स्वरूपात उभी राहायला १९६७ साल उजाडले. पुढे तिचाच पहिला प्रमुख अ‍ॅलन ईगल्सन याने खेळाडूंचा विश्वासघात केल्याचे उघड झाले आणि १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांची कबुली देऊन तो तुरुंगात गेला. नुसती संघटना असून भागत नाही. ती सभासदांच्या नजरेखाली असावी लागते. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. १९८२ च्या संपाच्या मुळाशी ही गाठ होती.

भारतात फुटबॉलपटूंची संघटना २००६ सालापासून आहे, परंतु हंगाम थांबविण्याच्या वा सुरू करण्याच्या निर्णयात तिला मालकांच्या बरोबरीचे स्थान नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी महासंघाच्या घटनेला मान्यता दिली, आणि त्या घटनेने माजी नामवंत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत जागा दिली, हे स्वागतार्हच आहे. तथापि निवृत्त खेळाडूने सभेत बसणे वेगळे आणि आज मैदानावर राबणाऱ्याने आपल्या वेतनाची बोलणी करणे वेगळे. निवृत्त जॉबर कितीही भला असला तरी तो साच्यावरच्या कामगाराचा प्रतिनिधी होत नाही. कबड्डीची स्थिती याहून नाजूक आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. खेड्यापाड्यांतल्या मुलांना या खेळाने पैसा आणि मान दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्यावर बोली लागते त्याला कोणाकडे काम करायचे हे ठरविता येत नाही. लिलाव हा शब्द माणसाच्या संदर्भात कोणाला खटकेनासा झाला, यातच पुष्कळ काही आले.

मालकांनाही तोटा होतो, हा युक्तिवाद फेटाळून लावण्याचे कारण नाही. भारतातील फुटबॉल क्लब वर्षानुवर्षे तोट्यात चालले आहेत, असे त्यांचे चालक सांगतात. तसे असेल तर हिशेबाच्या वह्या खेळाडूंच्या प्रतिनिधींपुढे उघड्या कराव्यात. तोट्यात भागीदार व्हायचे असेल तर माहितीतही भागीदारी हवी.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी खेळाडूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनाइतकी रक्कम क्लबांनी हमी म्हणून बँकेत ठेवली पाहिजे, म्हणजे वरिष्ठांचे वाद खालच्यांच्या ताटापर्यंत पोहोचणार नाहीत. हक्कांच्या प्रत्येक करारात चालू खेळाडूंनी निवडलेल्या संघटनेची सही असली पाहिजे. त्या संघटनेने मैदानावरच्या माळ्यापासून सामान वाहणाऱ्यापर्यंत सर्वांना आपल्या मागणीपत्रात स्थान दिले पाहिजे. औद्योगिक कायद्यांच्या व्याख्येत कारकून, तंत्रज्ञ, कुशल व अकुशल कामगार यांचा स्पष्ट उल्लेख येतो. खेळाडूचा येत नाही. तो करून घेण्यासाठी विधिमंडळात आणि संसदेत आवाज उठविणे हे समाजवादी प्रतिनिधींचे काम आहे.

कार्यकर्त्यांचे काम त्याहून जवळचे आहे. संध्याकाळी पिंप्राळ्यासारख्या वस्तीत कबड्डीचा दम घुमवणाऱ्या पोराला आज बोलीचा आकडा सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या कराराचा कागद वाचून दाखविणारा कोणी भेटत नाही. तो कागद घेऊन त्याच्याशेजारी बसावे, कोणत्या कलमान्वये त्याचे वेतन थांबविता येते ते त्याला समजावून सांगावे, आणि त्याच्याबरोबरच्या दहा जणांना त्याच बैठकीला बोलवावे. संघटनेची सुरुवात अमळनेरच्या गिरणीच्या दारात अशाच बैठकांनी झाली होती. मैदानाच्या कडेला ती वेगळ्या रीतीने होण्याचे कारण नाही.