उभ्या गाडीला धक्का : राग सोडावा, हिशेब सोडू नये

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सणासुदीच्या दिवसांत त्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात. नांदेडच्या मोंढ्यात मालाचे ट्रक, टेम्पो, हातगाडे आणि ग्राहकांच्या मोटारी यांना एकाच अरुंद वाटेतून मार्ग काढावा लागतो. सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात तर पंजाब आणि तेलंगणातून आलेल्या यात्रेकरूंच्या वाहनांची भर पडते. अशा ठिकाणी गाडी उभी करून गृहस्थ दुकानात शिरतो आणि अर्ध्या तासाने परततो, तो दाराला पोचा पडलेला असतो, बंपर निखळलेला असतो आणि धक्का देणारा एकतर निघून गेलेला असतो किंवा हात जोडून उभा असतो.

या प्रसंगी माणसे साधारणतः दोन प्रकारे वागतात. काही आवाज चढवतात, समोरच्या चालकाची किल्ली काढून घेतात, गर्दी जमवतात आणि दोन-तीन हजार रुपये हातात पडले की विजयी मुद्रेने घरी जातात. काही जण, विशेषतः टेम्पो ओळखीच्या पेढीचा असेल तर, "जाऊ द्या, आपलीच माणसे आहेत" असे म्हणून विषय मिटवतात. पहिला मार्ग रागाचा आणि दुसरा भिडेचा. परंतु दोहोंत उणीव एकच आहे. नुकसान नेमके किती झाले, याचा हिशेब कोणीही मांडलेला नसतो. रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला तर रात्री उशिरापर्यंत जागणारा व्यापारी येथे मात्र अंदाजाने व्यवहार करतो.

"विमा आहे, मग चिंता कसली?" या वाक्याने बहुतेक चर्चा संपते. म्हणून प्रथम विम्याचेच गणित पाहू. समजा, चार वर्षे जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचे बिल १८,००० रुपये झाले. त्यात प्लास्टिकचा नवा बंपर ६,००० रुपये, दाराचा पोचा काढण्याची मजुरी ४,००० रुपये आणि रंगकाम ८,००० रुपये. प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा लावते, म्हणजे बंपरचे ३,००० रुपये मिळतील. मजुरी पूर्ण मिळेल. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरून त्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे ७,००० रुपये मिळतील. बेरीज १४,००० झाली. त्यातून सक्तीची वजावट जाईल. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ती १,००० रुपये असते आणि त्याहून मोठ्या मोटारीला २,००० रुपये. लहान मोटार धरली तर हाती १३,००० रुपये येतील आणि ५,००० रुपये मालकाच्या खिशातून जातील.

हिशेब येथे थांबत नाही. सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत जातो. दावा केला की ही पायरी शून्यावर येते. दोष समोरच्याचा होता म्हणून ती वाचत नाही. समजा, या मालकाचा मूळ प्रीमियम १२,००० रुपये असून ५० टक्के बोनसमुळे तो ६,००० रुपयेच भरत होता. दाव्यानंतर पहिल्या वर्षी त्याला ६,००० रुपये जादा भरावे लागतील, दुसऱ्या वर्षी ३,६००, तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८०० आणि पाचव्या वर्षी ६००. एकूण १५,००० रुपये. म्हणजे १३,००० रुपये घेण्यासाठी १५,००० रुपये द्यायचे! गाडी जुनी होत जाईल तसा मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी येईल. शून्य घसारा किंवा बोनस संरक्षण यांसारखे जादा संरक्षण घेतले असेल तर चित्र पालटेल. तथापि दावा करण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडलेच पाहिजे. मोठ्या नुकसानीत दावा निःसंशय हिताचा ठरतो; लहान नुकसानीत तो अनेकदा तोट्याचा असतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याची काहीही चूक नाही, त्यालाही विमा पूर्णपणे भरपाई देत नाही. म्हणून धक्का देणाऱ्याकडून दुरुस्तीचा पूर्ण खर्च मागणे यात लोभ नाही, आणि "तुमचा विमा आहेच की" हे त्याचे उत्तर न्याय्य नाही.

खर्च मागायचा तर पुरावा हवा. गाडी हलवण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नुकसान, आसपासचा रस्ता आणि दुसऱ्या वाहनाची क्रमांकपट्टी त्यात दिसावी. चालक निघून गेला असेल तर शेजारच्या दुकानदारांना त्याच दिवशी विनंती करून कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवायला सांगावे, कारण अनेक यंत्रांत जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चित्रण चढते. वाहनक्रमांक मिळाला तर एम-परिवहन या सरकारी अॅपवर त्या वाहनाचा विमा चालू आहे की नाही हे पाहता येते. पोलिसांना कळवायचे असल्यास ११२ हा क्रमांक आहे आणि ठाण्यात झालेल्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. समोरच्याची किल्ली किंवा परवाना हिसकावून घेण्याचा अधिकार मात्र कोणाही खासगी व्यक्तीला नाही. त्यामुळे फिर्यादीचाच आरोपी होण्याची वेळ येते.

पोलिसांकडून काय अपेक्षावे, हेही समजून घ्यावे. चुकून लागलेला धक्का हा कायद्याच्या भाषेत 'आगळीक' ठरत नाही, कारण त्या गुन्ह्याला हेतू किंवा जाणीव लागते. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला असेल तर भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम लागू शकते आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु दुरुस्तीचे पैसे वसूल करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे.

ते काम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे आहे. हे न्यायाधिकरण केवळ मृत्यू वा इजेसाठीच असते, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १६५ व्या कलमात त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही स्पष्ट समावेश आहे. शिवाय १६६ व्या कलमानुसार अपघात झाला तेथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे अर्ज करता येतो. लातूरचे कुटुंब लग्नासाठी नांदेडला गेले आणि तेथे हैदराबादच्या वाहनाने त्यांच्या उभ्या मोटारीला धडक दिली, तर त्यांना लातूरलाच अर्ज करता येतो. नांदेड वा हैदराबादच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे, हे विसरू नये. एकाच नुकसानीची भरपाई दोन ठिकाणांहून घेता येत नाही, हेही ओघाने आलेच. पाच-दहा हजारांसाठी हा मार्ग लांबचा आहे. लाखाच्या घरातील नुकसानीसाठी, आणि ज्याच्या जुन्या गाडीचा केवळ त्रयस्थ विमाच उतरवलेला आहे त्याच्यासाठी, तोच खरा आधार आहे.

म्हणून लहान नुकसानीत समजुतीने मिटवणे उत्तम. पण समजूत लेखी असावी. गॅरेजचा अंदाजपत्रक-कागद घ्यावा, रक्कम त्यावरून ठरवावी, ती बँकेमार्फत स्वीकारावी आणि एका साध्या कागदावर तारीख, स्थळ, दोन्ही वाहनांचे क्रमांक, रक्कम आणि "या घटनेबाबत आता काही येणे नाही" असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पुढे मनात किंतु राहत नाही आणि दोन पेढ्यांचे संबंधही टिकतात.

आतापर्यंत आपल्या गाडीला धक्का लागल्याचा विचार झाला. व्यापारी कुटुंबांनी याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवी, कारण मोंढ्यातील बराच माल त्यांच्याच टेम्पोतून जातो. पेढीच्या चालकाने दुसऱ्याच्या उभ्या गाडीला धडक दिली, तर जबाबदार कोण? "चालकाचे चालक पाहील" असे म्हणून त्याच्या पगारातून रक्कम कापणारे मालक आहेत. या बाबतीत 'पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल प्रत्येक पेढीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८ डिसेंबर १९६० रोजी या जिनिंग कंपनीचे व्यवस्थापक कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाले होते. वाटेत मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि बरोबरचे गृहस्थ मृत्युमुखी पडले. उच्च न्यायालयाने कंपनीवरील जबाबदारी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी वाहन चालवत असल्याने त्यांच्या निष्काळजीपणाचा भार कंपनीवर येतो, हे त्यातील एक तत्त्व. दुसरे तत्त्व असे की, झाड जागचे हलत नाही. सावधपणे चालवलेली मोटार सहसा रस्ता सोडून त्यावर आदळत नाही. तेव्हा घटनाच स्वतः बोलते आणि खुलासा करण्याचा भार वाहन चालवणाऱ्या पक्षावर जातो. नियमाने उभ्या केलेल्या मोटारीला हे दुसरे तत्त्व सहज लागू पडेल, हे सांगायला नकोच.

यासाठी पेढीच्या प्रत्येक वाहनाची पॉलिसी एकदा उघडून वाचावी. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा मोटार व मालवाहू वाहनांना सामान्यतः साडेसात लाख रुपये आणि दुचाकीला एक लाख रुपये असते. परंतु प्रीमियममध्ये थोडी बचत करण्यासाठी ही मर्यादा केवळ ६,००० रुपयांवर आणता येते आणि काही पॉलिसींत ती तशी आणलेलीही असते. असा टेम्पो एखाद्या महागड्या मोटारीवर आदळला तर ६,००० रुपयांपलीकडचा सारा भार पेढीवर येईल. वर्षाला शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी पत्करलेली ही जोखीम कोणत्याही जमाखर्चात बसत नाही.

धक्का देऊन निघून जाण्याबाबत कायदा मुळीच संदिग्ध नाही. १३४ व्या कलमानुसार अपघातात कोणाला इजा झाली किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि जागेवर पोलीस नसेल, तर चालकाने लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात घटना कळवली पाहिजे. आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवले पाहिजे. तसे न केल्यास १८७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्याही आधी घरातला संस्कार येतो. मालक समोर नसताना त्याचे नुकसान करून निघून जाणे हे अचौर्य अणुव्रताच्या विरुद्धच आहे, कारण दुरुस्तीचे जे पैसे आपण द्यायचे होते ते त्याच्या खिशातून काढले जातात. नाव, दूरध्वनी क्रमांक आणि आपला वाहनक्रमांक लिहिलेली चिठ्ठी काचेच्या पुसणीखाली ठेवायला दोन मिनिटे लागतात. पेढीच्या चालकाला मालकाने हे स्वतः सांगून ठेवावे आणि चूक कबूल केल्यास पगार कापला जाणार नाही, असा शब्दही द्यावा. ज्याला पगार जाण्याची भीती आहे तो चालक थांबत नाही. तो पळतो, आणि नाव मात्र पेढीचे जाते.

आपली गाडीही नियमाने उभी असावी, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास १२२ व्या कलमाने मनाई आहे. वळणावर, दुसऱ्याच्या दुकानाच्या तोंडाशी किंवा दुहेरी रांगेत लावलेल्या गाडीला धक्का लागला तर भरपाई मागताना आपल्याही बाजूचा दोष मोजला जातो.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी वर्षभरातील अपराधांची क्षमा मागण्याची आणि देण्याची परंपरा प्रत्येक जैन घरात आहे. क्षमा मागणाऱ्याने नुकसान भरून दिलेले असले आणि देणाऱ्याने योग्य तेवढेच घेतलेले असले, तर त्या शब्दांना वजन येते. गाडीवरचा पोचा गॅरेजमध्ये निघतो. दोन घरांमधला पोचा वेळेवर मांडलेल्या हिशेबाने निघतो.