आलेखातला शंभरपट आवाज
दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात आलेखावरून परिच्छेद लिहावा लागतो. समजा, स्तंभालेख ध्वनिप्रदूषणाचा आला. केंद्राच्या 2000 च्या नियमांनुसार दिवसाची मर्यादा निवासी भागात 55 डेसिबल, औद्योगिक भागात 75. माहूरच्या वस्तीतला आपला विद्यार्थी पाठ केलेल्या साच्यात लिहील, दुसरा स्तंभ थोडा उंच आहे. वास्तविक दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे फरक शंभरपट! हे त्याला कोणी शिकवले?

रात्री 10 नंतर निवासी मर्यादा 45 वर येते. गडावरच्या नवरात्रातल्या कर्ण्यांना हा नियम आहे, तसाच आमच्या भीमजयंतीच्या डीजेलाही. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आम्हीच घेतो. तो त्या डीजेशेजारी कसा चालवायचा, हे जयंती मंडळांनी सांगावे.