घरट्याची तपासणी

दिवाळीत सगळे जमलो होतो. रात्री जेवणं आटोपल्यावर भाच्याशी माझा चांगलाच वाद झाला. मी न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या ‘कोहांगा रेओ’बद्दल कौतुकानं सांगत होते, तर तो म्हणाला, "मावशी, सरकारी पैशावर बिनशिकलेल्या आज्यांनी चालवलेली पाळणाघरं ती! तू स्वतः डीएड झालेली. तू तरी त्यांची बाजू घेऊ नयेस." तेवढ्यात कुणीतरी पत्त्यांचा डाव मांडला आणि विषय तिथंच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. तेव्हा बाळ, हे उत्तर तुझ्यासाठी. बाकीच्या मंडळींनीही वाचावं.

आधी थोडा इतिहास. १८६७ च्या कायद्यानं माओरी मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजी शिकवण्यासाठी. पुढे शाळेत माओरी बोललं की छडी मिळू लागली. छडी खाल्लेली ती मुलं आईबाप झाली आणि आपल्या मुलांना मार नको म्हणून घरातही इंग्रजी बोलू लागली. १९७२ साली तीस हजारांवर सह्यांचा अर्ज त्यांच्या संसदेत गेला की शाळेत आमची भाषा शिकवा. त्याच दशकात रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी पाहणी केली, तेव्हा दिसलं की माओरी सफाईनं बोलणारे बहुतेक सगळे वयस्क आहेत. मुलांत जवळजवळ कुणीच नाही. म्हणजे आज्या होत्या, नातवंडं होती, पण मधली पिढी मुकी झाली होती.

मग वडीलधाऱ्यांनी सरळ हिशोब केला. मधली पिढी ओलांडायची, आजी आणि नातू एकाच चटईवर बसवायचे. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथे पहिलं कोहांगा रेओ उघडलं. ‘कोहांगा’ म्हणजे घरटं, ‘रेओ’ म्हणजे भाषा. नव्वदीच्या मध्याला अशी आठशेच्या घरात घरटी होती!

माझी लेक लोअर हटला राहते. तिथून डोंगर ओलांडला की वाइनुइओमाता. २०१६ साली मी तीन महिने तिच्याकडे होते, तेव्हा शेजारच्या माओरी बाईंनी मला त्यांच्या नातीच्या कोहांगात नेलं. दारात चपला काढल्या. दाराबाहेर त्या माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या, उंबरठा ओलांडल्यावर एक शब्द नाही. मी विचारलं की हसून हातानं दाखवायच्या. सकाळी आधी प्रार्थना. मग एकेक मूल उभं राहून स्वतःची ओळख सांगू लागलं, आणि त्या ओळखीत स्वतःच्या नावाआधी आपला डोंगर, आपली नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी! चार वर्षांची एक मुलगी दोन वर्षांच्या मुलाचा हात धरून त्याला हात धुवायला घेऊन गेली. कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं ही त्यांची रीत, तिला ‘तुआकाना-तेइना’ म्हणतात. स्वयंपाकघरात एक बाप बटाटे सोलत होता. कारभार सगळा कुटुंबांच्या हाती असतो, मूल सोडलं आणि निघालं असं तिथे चालत नाही.

मी पस्तीस वर्षं टाचणं काढली, पटसंख्येच्या तक्त्यांवर सह्या केल्या. तिथे मला टाचण कुठेच दिसलं नाही. पण त्या सकाळी जेवढं शिक्षण झालं, तेवढं माझ्या वर्गात आठवड्यात होत नसे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता तुझा मुख्य मुद्दा, ‘बिनशिकलेल्या आज्या’. हवाईतही हाच प्रश्न आला. तिथे १८९६ च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी केलं होतं. माओरींचं पाहून १९८४ साली काउआई बेटावर केकाहा इथे पहिलं ‘पुनाना लेओ’ निघालं. अर्थ तोच, भाषेचं घरटं. तर सरकारी नियम आडवा आला: बालवाडीच्या शिक्षिकेकडे कॉलेजचं प्रमाणपत्र हवं. गंमत पाहा. हवाईयन बोलणाऱ्या म्हाताऱ्यांकडे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र असणाऱ्यांना हवाईयन येत नाही! पालक विधिमंडळात खेटे घालत राहिले, तेव्हा कुठे १९८६ साली कायदा बदलला आणि या घरट्यांना सूट मिळाली.

न्यूझीलंडमध्ये ते उलट दिशेनं झालं. १९९० साली कोहांगा शिक्षण खात्याकडे गेली आणि इंग्रजी बालवाड्यांची पट्टी त्यांना लागू झाली. पदवीधर शिक्षिका असतील तिथे अनुदान जास्त, आज्या असतील तिथे कमी. शेवटी कोहांगावाले वाइतांगी न्यायाधिकरणापुढे गेले. अनुदानाचं सूत्र, दर्जाची मापं आणि नियम या तिन्हींत सरकार चुकलं, असं न्यायाधिकरणानं २०१२ साली सांगितलं. तोवर कितीतरी घरटी बंद पडली होती. आज साधारण निम्मी उरली आहेत.

मुलं सुरक्षित हवीत, स्वच्छता हवी, यात वाद नाही. कोहांगांचं स्वतःचं प्रशिक्षणही आहे. पण जिथे भाषा हाच विषय आहे, तिथे ती बोलता येणं ही पहिली पात्रता नको? सरकारनं आधी छडी मारून भाषा काढून घेतली, आणि नंतर ती जपणाऱ्या बाईला ‘तुमचे कागद दाखवा’ म्हटलं. याला दर्जा म्हणायचं का?

तू म्हणशील, मावशीला एवढा राग का? तर सांगते. माझी पहिली नेमणूक धुळे जिल्ह्यात होती. पहिलीत एक मुलगा होता, घरी अहिराणी. नाव विचारलं की म्हणायचा, "मनं नाव..." आणि वर्ग हसायचा. मीही हसले होते. त्याची आजी रोज त्याला सोडायला यायची. मी तिला एक दिवस सांगितलं, "घरी त्याच्याशी शुद्ध बोलत जा." ती मान हलवून गेली. त्यानंतर शाळेच्या फाटकाशी ती त्याच्याशी काही बोलताना मला दिसली नाही, नुसती पिशवी हातात द्यायची. मला वाटलं, सुधारणा झाली. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं ना!

राहिला प्रश्न पोटाचा. कोहांगातल्या मुलांना इंग्रजी येत नाही असं समजू नकोस. ते रस्त्यावर, टीव्हीवर, मोबाइलमध्ये आहेच, त्याला घरटं लागत नाही. उलट कोहांगातली मुलं इंग्रजी शाळेत गेली की माओरी विसरू लागली, म्हणून पालकांनी १९८५ साली ऑकलंडला स्वतःची माओरी शाळा काढली. २०२३ च्या जनगणनेत माओरी बोलणारे दोन लाख तेरा हजारांवर आहेत. हे काम त्याच ‘बिनशिकलेल्या’ आज्यांनी सुरू केलं.

लेकीचा मुलगा मला इंग्रजीत ‘हाय आजी’ म्हणतो. तो लहान असताना ‘त्याचा गोंधळ होईल, एकच भाषा बोला’ असा सल्ला मीच दिला होता. आता रोज सकाळी, त्यांच्या दुपारी, मी त्याला फोन करते आणि फक्त मराठी बोलते. तो इंग्रजीत उत्तर देतो. मी मराठीतच पुढे बोलते. परवा म्हणाला, "आजी, थांब."

एवढंच. पण तुझ्याही घरात सून येईल, नातवंडं होतील. तेव्हा आजीला प्रमाणपत्र विचारू नकोस.