काठी देतो, ताल नाही

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडलो. तेव्हापासून पायांपेक्षा मनच अधिक लटपटते. बॅले म्हणजे कोवळ्या मुलींचे काम, असे मीही समजत होतो. पण न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनला, मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत, २००१ पासून कंपवाताचे रुग्ण नृत्य शिकतात आणि त्यात बॅलेच्या हालचालीही असतात. ताठ कणा, सावकाश वाकणारे गुडघे, जोडीला संगीत. पायांत बळ येते, तोल सुधारतो, पाऊल तालाशी जुळवताना भीती मागे पडते. रोग जात नाही, हे खरे. पण माणूस तासभर रुग्ण राहत नाही. आपण म्हातारपणाला काठी देतो, गोळ्या देतो. ताल मात्र देत नाही. मी तूर्त ओट्याला धरून टाचा उचलू लागलो आहे.