गाव कोणतं? घर कुठलं?

बालमित्रांनो,

ओळख झाली की मोठी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. 'राहतोस कुठे?' आणि 'गाव कोणतं?' पहिल्याचं उत्तर सोपं. दुसऱ्याची मात्र आमच्या निजामपुऱ्यात मोठी गंमत होते. एकाच बाकावर बसणारी मुलं सांगतात, कोणी सातारा, कोणी करीमनगर, तर कोणी आझमगड! भिवंडी हे यंत्रमागांचं शहर. कामासाठी इथे लांबलांबून माणसं आली. कोणाचे पणजोबा आले, कोणाचे बाबाच आले. मग अशा मुलांचं घर कुठलं म्हणायचं? इथलं की तिथलं?

एकदा चौथीच्या वर्गाला मी 'माझे घर' हा निबंध लिहायला सांगितला. सगळ्यांनी खिडक्या, दारं, तुळस असं काही ना काही लिहिलं. एका मुलाची वही मात्र कोरीच. म्हणाला, "बाई, आमचं घर नाहीच. आम्ही भाड्यानं राहतो. ही तिसरी खोली."

मी विचारलं, "तिन्ही खोल्यांत सारखं काय होतं रे?"

तो विचार करू लागला. मग म्हणाला, "बाबा रात्रपाळीहून आले की कडी दोनदाच वाजवतात. आई 'कोण?' म्हणून विचारतच नाही." थोडं थांबून म्हणाला, "आणि पहिल्या खोलीचा पत्रा गळायचा. आईनं खाली पातेलं ठेवलं, तर मी त्यात कागदाची होडी सोडली म्हणे. मला आठवत नाही, पण आजी सांगते आणि सगळे हसतात."

"अरे, मग हेच लिही की!" त्यानं दीड पान लिहिलं.

पाहिलंत ना? होडीची आठवण त्याला स्वतःला नव्हती. ती आजीनं जपून ठेवली होती. घरात असंच चालतं. एकाचं विसरलेलं दुसऱ्याजवळ सापडतं.

खोली बदलली तर एक वेळ ठीक, पण अख्खं गावच गेलं तर? तसंही झालं आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात पळसदेव नावाचं गाव आहे. भीमा नदीवर उजनी धरण झालं आणि १९८०च्या सुमारास जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. माणसं वर, उंचावर राहायला आली. भिंती काही उचलून आणता आल्या नाहीत, पण नाव आणलं! नव्या गावाचं नावही पळसदेवच. ज्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप ओसरतं, त्या वेळी पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग लोक तिथे दर्शनाला जातात. अशा वेळी एखाद्या आजोबांनी 'इथं आमचं दार होतं' असं नातवाला दाखवलं, तर न पाहिलेलं घर नातवाचंही होतं.

पण आठवणी नुसत्या मनात ठेवून भागत नाही, त्या सांगाव्या लागतात. पालकहो, हे तुमच्यासाठी. मागावर बारा-बारा तास उभं राहून आल्यावर बोलायचं त्राण उरत नाही, हे मला माहीत आहे. पण जेवताना एक गोष्ट सांगायला पाचच मिनिटं लागतात. मोठं घर घेता आलं नाही, तरी हे देता येईल.

आता मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा, "तुम्ही लहानपणी राहत होता त्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं? चूल कुठे होती? झोपायचं कुठे?" ते सांगतील तसा वहीत नकाशा काढा. चुकला तर ते लगेच म्हणतील, "अरे, तिथे नाही, इकडे!" आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होईल.

ती गोष्ट नकाशाखाली लिहा, तारीख घाला आणि वही जपून ठेवा. पुढेमागे खोली बदललीच, तर सामानात ती वही सगळ्यांत आधी भरा हं!

तुमच्या,
बाई