सूर्यफुलाची मालकी

बुऱ्हाणपुरात मराठी, हिंदी आणि उर्दू शेजारशेजारी बोलल्या जात असल्यामुळे, परसातल्या त्या पिवळ्या फुलाला कोणी सूर्यफूल म्हणावे आणि कोणी सूरजमुखी, यात तंट्याचे कारण नाही. तंटा आहे तो निघंटूंतील ‘आदित्यभक्ता’ हे नाव मालकीच्या सनदेसारखे पुढे करून हे फूल मूळचे भारतीय ठरवू पाहणाऱ्या स्वाभिमानी मंडळींशी.

त्यांचा दाखला बनावट नाही. तो दुसऱ्याच्या नावचा आहे. आदित्यभक्ता म्हणजे तिळवण, असे अनेक वनौषधिज्ञ मानतात. आणि पिवळ्या तिळवणीचे रोप उपटून हाती घेतले, की तिची चिकट, उग्रगंधी पाने, चारच पाकळ्यांची फुले आणि लांबट शेंगा पाहून सूर्यफुलाशी तिचे नाते जोडण्याची छाती कोणालाही होणार नाही. सूर्यफुलाला शेंग नाहीच. किंबहुना ज्याला आपण एक फूल समजतो तो शेकडो फुलांचा समुदाय असून, कडेच्या पाकळ्या ही वांझ फुले होत, आणि तबकडीतील बारीक फुले कडेकडून मध्याकडे क्रमाने उमलून एकेक बी धरतात. ही वनस्पती उत्तर अमेरिकेची. सोळाव्या शतकात ती स्पेनात पोहोचली, आणि तेलबी म्हणून आपल्याकडे तिचा पेरा १९६९ च्या सुमारास रशियन वाणांनिशी सुरू झाला.

बरे, भक्ती तरी खरी? कोवळ्या रोपापुरती खरी. दिवसा देठाची पूर्वेकडील बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडील, म्हणून शेंडा सूर्यामागे फिरतो; परंतु फूल पुरते उमलले की वाढ थांबून ते पूर्वाभिमुख राहते, आणि सायंकाळी सूर्याकडे त्याची चक्क पाठ असते. सबब, लिनियसने १७५३ साली नोंदविलेल्या ‘हेलिअँथस’ या नावाप्रमाणेच ‘सूर्याचे फूल’ एवढेच सांगणारे, मान फिरविण्याची हमी न देणारे आपले मराठी नाव अधिक निर्दोष होय.

परकीय ठरल्याने फूल हलके होत नाही. ज्या मिरचीवाचून आमचा घास उतरत नाही, तीही अमेरिकेचीच. याच शहरातील जामा मशिदीत फारुकी सुलतानाने शके १५११ मध्ये अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरविला, आणि त्यात मिती पंचांगाप्रमाणे घातली. देवभाषेवर मालकी सांगण्याची त्याला गरज वाटली नाही. देशी वनस्पतीचा अभिमानच मिरवायचा, तर तिळवण आहे. पण ती दिसली, की तण म्हणून प्रथम उपटतात ते हेच अभिमानी.